सोपाऱ्याचा स्तूप आणि रुंद कोनाचे भिंग

सोपारा येथील स्तूपाची, म्हणजे परिसरातील लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात त्या वास्तूची, छायाचित्रे गेल्या काही वर्षांत विपुल प्रमाणात पाहावयास मिळू लागली आहेत. वैशाख पौर्णिमेच्या निमित्ताने लागणारे फलक, दिनदर्शिका, सहलींची माहितीपत्रके, विहारांच्या भिंतींवरील मोठ्या प्रती आणि आता ज्याच्या त्याच्या हातातील मोबाइल अशा अनेक मार्गांनी ती आपल्यापर्यंत येतात. एका उपेक्षित स्थळाकडे समाजाचे लक्ष वळले, याचा आनंद आहेच. तथापि ही छायाचित्रे एकाशेजारी एक मांडून पाहिली असता त्यांच्यात एक विलक्षण साम्य आढळते. आकाश फार मोठे असते. पुढ्यातील एखादा दगड किंवा विटांची रांग जवळजवळ अर्धे चित्र व्यापते. स्तूप मध्यभागी, काहीसा दूर व ठेंगणा दिसतो. भोवतालच्या नालासोपारा शहराचा, तेथील घरांचा, दुकानांचा, विजेच्या तारांचा आणि पाण्याच्या टाक्यांचा मात्र मागमूस नसतो. हे साम्य स्तूपाने दिलेले नाही. ते भिंगाने आणि ते भिंग हाताळण्याच्या एका ठरावीक रीतीने दिलेले आहे. प्रस्तुत लेखात या रीतीचा थोडा विचार करावयाचा आहे.

ज्यास व्यवहारात वाइड अँगल लेन्स म्हणतात, त्या रुंद कोनाच्या भिंगाचे तत्त्व कठीण नाही. ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी. भिंग लावले तर चित्राच्या कर्णावर सुमारे ४७ अंशांचा कोन टिपला जातो. २८ मि.मी. भिंग ७५ अंश टिपते, २४ मि.मी. भिंग ८४ अंश. कोन जितका वाढेल तितक्या अधिक वस्तू तेवढ्याच कागदावर बसवाव्या लागतात, म्हणून प्रत्येक वस्तू लहान होते. एके काळी असे भिंग हौशी माणसाला सहजासहजी मिळत नसे. आज परिस्थिती उलटी आहे. मोबाइलमधील मुख्य कॅमेऱ्याचा कोन साधारणतः २४ ते २८ मि.मी. भिंगाइतका असतो, आणि त्याच्याजवळ बसवलेले दुसरे अतिरुंद भिंग अनेकदा १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणजे आज स्तूपासमोर उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक उपासक, विद्यार्थी आणि सहलीला आलेला प्रवासी रुंद भिंगाचा छायाचित्रकार आहे, आणि बहुतेकांना याची जाणीव नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ कलावंतांचा राहिलेला नाही. सोपाऱ्याविषयी समाजाची जी दृश्य स्मृती तयार होत आहे ती या भिंगातून तयार होत आहे.

रुंद भिंग अधिक दाखवते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्तूपाच्या बाबतीत ही समजूत कितपत टिकते, हे तपासून पाहण्यासारखे आहे. केवळ गणिताच्या सोयीसाठी असे धरू की एका वर्तुळाकार स्तूपाची त्रिज्या १० मीटर आहे. आपण त्याच्या काठापासून १० मीटर अंतरावर उभे राहिलो तर संपूर्ण स्तूप आपल्या डोळ्यांपुढे ६० अंशांचा कोन व्यापतो. तो ५० मि.मी. भिंगात आडवा मावत नाही, २८ मि.मी. भिंगात मावतो. छायाचित्रकाराला वाटते, आपण सगळा स्तूप घेतला. परंतु तेथून स्तूपाच्या परिघाचा केवळ १२० अंशांचा, म्हणजे एक तृतीयांश भाग दिसत असतो. आता तोच मनुष्य काठापासून ३० मीटर अंतरापर्यंत मागे गेला तर स्तूप २९ अंशांत सामावतो, साधे भिंग पुरेसे होते, आणि परिघाचा दिसणारा भाग सुमारे १५१ अंशांपर्यंत वाढतो. कितीही दूर गेले तरी १८० अंश पूर्ण होत नाहीत, ही गोष्ट वेगळी. जवळ जाऊन रुंद भिंग लावणाऱ्याला आकाश अधिक मिळते, जमीन अधिक मिळते, स्तूप मात्र कमी मिळतो. चौकोनी इमारतीची दर्शनी बाजू टिपताना हा तोटा जाणवत नाही. गोल वास्तूला तो मुळातच भोवतो.

यात आणखी एक भर पडते. गोलाकार वस्तू रुंद भिंगाच्या चित्रात मध्यभागी असेल तोवर गोल दिसते, कडेला गेली की बाहेरच्या बाजूस ताणली जाऊन लंबगोल होते. स्तूपाचा अंडाकृती भाग चित्राच्या एका अंगास ठेवून दुसऱ्या अंगास उगवता सूर्य किंवा प्रार्थना करणारा भिक्खू दाखवण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा चित्रातील स्तूपाची वक्ररेषा कोणत्याही काळातील कोणत्याही शिल्पकाराने कल्पिलेली नसते. त्यावरून स्तूपाच्या घडणीविषयी अनुमान काढणारे लेखही वाचनात येतात, तेव्हा खेद वाटतो.

मुळात स्तूपाला समोरची बाजू नसते. तो प्रदक्षिणेने पाहावयाचा असतो. पाहणारा चालत असतो, स्तूप त्याच्या उजव्या हाताला राहतो, आणि वास्तूचे पूर्ण ज्ञान एका दृष्टिक्षेपात न होता पावलापावलाने होते. प्राचीन शिल्पकारांना ही अडचण ठाऊक होती. भारहूत आणि सांची येथील शिल्पपटांत स्तूप कोरलेला आहे, तेथे पूजकांना त्यांनी स्तूपाच्या दोन्ही अंगांस, वर आणि खाली असे भरून टाकले आहे. एका डोळ्याला एका जागेवरून जे दिसेल त्याचे बंधन त्यांनी मानले नाही. स्तूपाभोवती माणसे आहेत, ती फिरत आहेत, हार वाहत आहेत, ही वस्तुस्थिती त्यांना दगडात आणावयाची होती, आणि ती त्यांनी आणली. आकाश मोठे दाखवण्याची त्यांना गरज पडली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पटात जितकी माणसे आहेत, तितकी आजच्या रुंद भिंगाच्या चित्रात नाहीत, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

माणसे चित्राबाहेर का गेली? याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते. मुंबईत छायाचित्रणकलेला संघटित रूप फार लवकर आले. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. ज्या भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे सोपाऱ्याचा स्तूप उघडला, ते भाऊ दाजींच्याच संशोधनकार्यात घडले होते. म्हणजे पुरातत्त्व आणि छायाचित्र या दोन विद्या मुंबईत अगदी निकटच्या शेजारात वाढल्या. परंतु त्या काळाने आपल्यासाठी जी दृष्टी मागे ठेवली ती दुभंगलेली होती. एका बाजूस लेणी आणि भग्न वास्तू यांची सर्वेक्षणासाठी काढलेली चित्रे आहेत. त्यांत वास्तू आहे, माणूस नाही. आणि असलाच तर तो उंचीचे प्रमाण कळावे म्हणून खांबाशेजारी उभा केलेला असतो. त्याचे नाव कोठेही नोंदलेले नसते, तो मोजपट्टीचे काम करतो. दुसऱ्या बाजूस विल्यम जॉन्सन याचा मुंबईतील जातिजमातींचा ग्रंथ आहे, त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात निरनिराळ्या समाजांतील माणसांचे गट वेगळे टिपून मुंबईतील एखाद्या स्थळाच्या दृश्यावर ते जोडलेले आहेत. येथे माणसे आहेत, स्थळही आहे, परंतु ती माणसे त्या स्थळी कधी उभीच नव्हती. जातीचा नमुना म्हणून ती कापून चिकटवलेली आहेत.

रुंद भिंगाकडून खरी अपेक्षा होती ती येथे. वास्तू आणि तिच्यापाशी वावरणारी माणसे, जुने स्थळ आणि तेथील आजचा दिवस, ही एकाच चौकटीत, एकाच क्षणी, कापाकापी न करता आणण्याचे सामर्थ्य त्याच्यात आहे. दूरचे ओढून आणणाऱ्या लांब भिंगाला ते साधत नाही. ते एका चेहऱ्याला किंवा एका शिल्पाला भोवतालापासून उचलून वेगळे करते. शिवाय लांब भिंग लावणारा मनुष्य दूर उभा राहून, समोरच्याच्या नकळत चित्र घेऊ शकतो. रुंद भिंग लावणाऱ्याला चार-पाच हातांवर जावे लागते. तो दिसतो, त्याला प्रश्न विचारला जातो, तो त्या प्रसंगाचा एक घटक होतो. हे या साधनाचे नैतिक वैशिष्ट्य आहे असे आम्ही मानतो. पण सोपाऱ्याची चित्रे पाहता हे सामर्थ्य वापरलेच जात नाही. शहर चित्रात येऊ नये म्हणून छायाचित्रकार खाली बसतो, कॅमेरा जमिनीजवळ नेतो, कुंपणाची भिंत आणि झाडे यांच्या आड इमारती लपवतो आणि माणसे बाजूला होईपर्यंत थांबतो. सगळे सामावून घेणारे भिंग हाती धरून सगळे वगळण्याची ही खटपट आहे.

यामागे एक श्रद्धायुक्त भावना असते, हे आम्ही नाकारीत नाही. पवित्र स्थळ निर्मळ दिसावे, असे उपासकाला वाटणे स्वाभाविक आहे. तथापि निर्मळ म्हणजे निर्मनुष्य, हे समीकरण कोठून आले? सुप्पारक हे बंदर होते. तेथे व्यापारी, खलाशी, हमाल, कारागीर यांची वर्दळ होती. अशा वर्दळीत ज्यांच्या दानावर विहार चालत असत, त्यांच्या वस्तीपासून स्तूप तोडून दाखवणे हे इतिहासालाही धरून नाही. आजचे नालासोपारा, जेथे सकाळच्या विरार लोकलमध्ये पाय ठेवण्यास जागा नसते, ते त्या प्राचीन गजबजाटाला एखाद्या ओसाड टेकडीपेक्षा अधिक जवळचे आहे. स्तूपाच्या कुंपणापलीकडे वाळत घातलेले कपडे चित्रात आले तर काय बिघडते?

या संदर्भात सोपाऱ्यानेच दिलेला एक पुरावा अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात मिळाला. इतर ठिकाणच्या पूर्ण पाठांवरून या लेखाचा आशय आपणांस ज्ञात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, म्हणजे शिकार आणि तत्सम करमणुकीसाठी बाहेर पडत. अशोकाने संबोधीस भेट दिली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट आणि जनपदातील लोकांचे दर्शन यांचा समावेश होता. लोकांचे दर्शन घेणे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे, त्यांना विचारणे असा तो क्रम आहे. नवव्या शिलालेखाचा तुकडा पुढे १९५६ साली सोपाऱ्यानजीक समुद्रकाठच्या भुईगाव येथे सापडला. त्यात आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींचा विषय आहे. अशोकाने या विधींची स्तुती केलेली नाही, टीकाच केली आहे. पण टीका करण्यासाठी का होईना, घरोघरच्या दैनंदिन जीवनाकडे सम्राटाने बारकाईने पाहिले होते, हे त्यातून दिसते. एकाच परिसरातील या दोन शिळांत प्रवासाचे दोन प्रकार आणि सामान्यांचे रोजचे जीवन हे दोन्ही विषय यावेत, हा योगायोग असेल. परंतु कॅमेरा घेऊन सोपाऱ्यास निघालेल्या माणसाने आपली यात्रा यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, असा प्रश्न स्वतःस विचारण्यास हरकत नाही. इंग्रजीत छायाचित्र घेण्याला आणि शिकार करण्याला एकच क्रियापद वापरतात. आपल्याकडेही आता सर्रास शूटिंगला जातात.

वसईचा किल्ला हे या शूटिंगचे मोठे क्षेत्र झाले आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकली, आणि आज तेथील छप्पर हरपलेली चर्च, तटाच्या भिंती आणि कमानी चित्रपटांना, गीतांना आणि विवाहपूर्व छायाचित्रांना पार्श्वभूमी पुरवतात. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या गीतचित्रातही हा किल्ला दिसतो. विवाहपूर्व छायाचित्रांवर टीका करण्याचा हेतू नाही. तरुण जोडप्यांनी कोठेतरी जाऊन चित्रे काढावीत, हे त्यांच्या आनंदाचे आहे. मुद्दा एवढाच की त्या चित्रांत किल्ला हा पडदा असतो. जॉन्सनने जे कात्रीने केले तेच येथे एका झटक्यात होते.

पण याच किल्ल्यात रुंद भिंगाची खरी जागाही सापडते, आणि ते मान्य केले पाहिजे. असे भिंग एकोणिसाव्या शतकात ज्या गरजांपोटी विकसित झाले, त्यांतील एक प्रमुख गरज म्हणजे जेथे मागे सरकण्यास जागा नाही अशा बंदिस्त वास्तूचे अंतरंग. फ्रान्सिस्कन चर्चच्या मध्यदालनात उभे राहिले की पायांखाली पोर्तुगीज भाषेत कोरलेल्या समाधिशिळा आहेत, दोन्ही बाजूंस भिंती आहेत आणि डोक्यावर मोकळे आकाश आहे. साध्या भिंगात एक तर शिळा येतात किंवा भिंती. दोन्ही एकत्र आणावयाच्या, मृतांची नावे आणि ज्या छपराखाली त्यांना पुरले त्याचा अभाव एकाच चित्रात दाखवावयाचा, तर रुंद भिंगाशिवाय मार्ग नाही. येथे पुढ्यातील वस्तू मोठी होण्याचा दोषच गुण ठरतो. शिळेवरील अक्षरे वाचता येतात. मात्र कॅमेरा समतल ठेवण्याची शिस्त हवी. तो वर कलला की मनोरे मागे पडू लागतात, आणि ज्या भिंती शतकानुशतके उभ्या राहिल्या त्या कोसळत असल्याचा आभास होतो. काही जणांना हा आभास आवडतो. आम्हास तो भग्नावशेषांवर लादलेला शोक वाटतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहाबाबतही जागेची अशीच अडचण आहे. तेथे मात्र निराळा धोका संभवतो. दारातून रुंद भिंगाने चित्र घेतले की जवळचे खांब अवाढव्य होतात आणि टोकाचा स्तूप, ज्याच्यासाठी सगळे लेणे कोरले, तो पेल्याएवढा उरतो. याचा दोष भिंगापेक्षा उभे राहण्याच्या जागेकडे जातो. चार पावले आत जाण्याची तयारी नसणे, एवढेच त्याचे कारण असते.

छायाचित्रणावर लिहिणारे काही बौद्ध लेखक अलीकडे बाहिय दारुचीरियाचा दाखला देतात. बाहिय हा सुप्पारकाच्या सागरतीरी राहणारा, वल्कले नेसणारा तपस्वी. उदानातील कथेप्रमाणे तो श्रावस्तीस गेला, भगवान भिक्षाटन करीत असता त्यांना रस्त्यातच गाठले, आणि दोनदा नकार मिळूनही तिसऱ्यांदा विनंती केली. तेव्हा पाहिलेल्यात, ऐकलेल्यात, अनुभवलेल्यात आणि जाणलेल्यात आपले काहीही मिसळू नये, अशा आशयाचा अतिसंक्षिप्त उपदेश त्याला मिळाला. दिट्ठमत्त हा तेथील शब्द घेऊन कॅमेऱ्याचे पाहणे हेच निखळ पाहणे, असे प्रतिपादन केले जाते. आणि रुंद भिंग काहीच निवडत नाही, सगळेच घेते, म्हणून ते तर अधिकच निखळ, असा पुढचा युक्तिवाद असतो. हा अर्थ पाठाला धरून नाही. तो उपदेश चित्ताच्या वर्तनाविषयी आहे, त्याचा रोख पाहणाऱ्याने पाहण्यात घुसडलेल्या मीपणावर आहे. यंत्राला चित्त नाही, म्हणून त्याला मीपणाही नाही आणि मीपणापासून मुक्तीही नाही. भिंगामागे उभा असलेला मनुष्य मात्र जागा निवडतो, वेळ निवडतो, कोणी बाजूला व्हावे आणि कोणी थांबावे हे ठरवतो. वर सांगितलेली सोपाऱ्याची चित्रे अशा निवडींनी भरलेली आहेत. त्यांना बाहियाचा आधार देणे म्हणजे सोपाऱ्याच्या एका थोर पुत्रावर अन्याय आहे.

मग रोजच्या जीवनाचे रुंद भिंगातून चांगले चित्र कसे असते? उदाहरणे आपल्यापुढे आहेत. रघुवीर सिंग (१९४२–१९९९) यांचे मुंबईविषयीचे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. रस्त्यावरच्या एका चौकटीत चार-पाच स्वतंत्र घटना चाललेल्या आहेत आणि त्यांतील एकही दुसरीची पार्श्वभूमी नाही, ही त्यांच्या चित्रांची घडण आहे. भारतीय लघुचित्रांशी त्यांचे नाते त्यांनी स्वतःच सांगितले होते. आम्हास त्यात सांचीच्या पटांचेही नाते दिसते. सुधारक ओलवे यांचे उदाहरण या वाचकवर्गाला अधिक जवळचे वाटेल. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी दीर्घकाळ काढलेली कृष्णधवल छायाचित्रे सर्वज्ञात आहेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या कामाकडे शहर पाठ फिरवते तेथे कामगारांच्या सोबतीने उभे राहून ती घेतलेली आहेत. घाण आणि माणूस दोन्ही त्यांत आहेत, आणि माणूस घाणीचा नमुना झालेला नाही. एवढ्या जवळ जाण्याचा अधिकार ज्याने मिळवला आहे, त्याच्या हातीच असे चित्र लागते.

याउलट पाचूबंदर-किल्लाबंदरच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या छायाचित्रकारांची चित्रे पाहावीत. बांबूंच्या दांड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा रुंद भिंगात सुंदर धावत जातात. रेषांचे आकर्षण जबर असते, आणि त्या रेषांच्या मोहात बोंबील घालणारी कोळीण चौकटीच्या कोपऱ्यात ढकलली जाते. कोपऱ्यातील चेहरा ताणला जाऊन विद्रूप होतो, हे रुंद भिंगाचे भौमितिक वैशिष्ट्य आहे. मध्यभागी कोण राहील आणि कडेला कोण जाईल, हे ठरवणे भूमितीच्या हाती नसते.

सोपाऱ्याच्या स्तूपाकडे पुन्हा वळताना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती कोणत्याही भिंगात मावणारी नाही. १८८२ साली स्तूपाच्या गर्भात एक दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांबे, रुपे, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक होते, आणि भोवती मैत्रेयासह आठ बुद्धांच्या कांस्यमूर्ती होत्या. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही त्या अवशेषांसमवेत होते. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे नेते, मूर्ती आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या जातात. म्हणजे मधल्या काळात श्रद्धावंतांनी हा स्तूप पुन्हा उघडला असला पाहिजे. हा सर्व ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. शिलालेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. म्हणजे स्तूप सोपाऱ्यात, त्याचे हृदय पन्नास-साठ किलोमीटरवर एका इमारतीत आणि परिसराची वाणी दुसऱ्या इमारतीत, अशी स्थिती आहे. स्तूपाचे जे चित्र आपण भिंतीवर लावतो ते एका रिकाम्या केलेल्या वास्तूचे आहे, हे चित्राखालच्या दोन ओळींत तरी नमूद व्हावयास हवे. आमच्या पाहण्यातील फलकांवर अशा ओळी क्वचितच असतात. तेथे सहसा पूर्ण नामक व्यापाऱ्याचा गौरव असतो आणि खाली प्रायोजकांची नावे असतात.

या परिस्थितीत काय करता येईल याविषयी थोडे सुचवतो. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. या काळात सोपाऱ्याभोवतीची वस्ती वेगाने बदललेली आहे आणि बदलत राहणार आहे. म्हणून परिसरातील विहारांनी आणि महाविद्यालयांनी मिळून स्तूपाची दरवर्षीची छायाचित्र-नोंद सुरू करावी. स्तूपाभोवती आठ जागा कायमच्या ठरवाव्यात. प्रत्येक जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवरून, साध्या भिंगाने एक चित्र घ्यावे. काठापासूनचे अंतर, भिंग, तारीख आणि वेळ लिहावी. हे काम स्तूपाच्या घडणीसाठी आहे, त्यात सौंदर्याची चिंता करू नये. मोबाइलनेच ते करावयाचे असल्यास चित्र दुपटीने मोठे करण्याची सोय वापरावी, म्हणजे कोन साध्या भिंगाजवळ येतो. त्यानंतर त्याच आठ जागांवरून स्तूपाकडे पाठ फिरवून रुंद भिंगाने बाहेरचे चित्र घ्यावे: रस्ता, घरे, झाडे, खेळणारी मुले, भाजीची गाडी. वीस वर्षांनी या दुसऱ्या संचाचे मोल पहिल्याहून अधिक ठरेल असा आमचा अंदाज आहे.

चित्रात येणाऱ्यांना विचारावे आणि ते काय सांगतात तेही लिहून घ्यावे. सुप्पारक जातकातील नियामक आंधळा आहे (ती कथा भरुकच्छाची आहे, नावाच्या साम्यामुळे ती सोपाऱ्याच्या खाती जमा केली जाते, ते योग्य नव्हे). जहाज अनोळखी समुद्रांतून जाते तेव्हा व्यापारी त्याला दिसते ते सांगत जातात आणि तो प्रत्येक समुद्राचे नाव ओळखतो. डोळस छायाचित्रकाराला कोटाजवळच्या वृद्धांना विचारण्याची गरज भासत नाही. त्यांना मात्र कुंपणाची भिंत येण्यापूर्वीची वाट कोठून होती, कोणते झाड कधी पडले, पूर्वी पौर्णिमेला किती माणसे येत आणि कोठून येत, हे ठाऊक असते. ही माणसे आता थोडी उरली आहेत. पहिल्या वर्षीची आठ आणि आठ अशी सोळा चित्रे काढून त्यांच्यापुढे ठेवली तर बराचसा मजकूर त्यांच्याकडूनच मिळेल. तो चित्रांच्या मागील बाजूस पेन्सिलीने, सांगणाऱ्याच्या नावासह आणि त्याच्या संमतीने लिहावा.